भावासाठी नोकरी: पार्सल, गोडाऊन की क्लाउड? ८५ हजार भरावेत का?

मांजराकाठ (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार. आठ दिवस झाले, घरात हा एकच विषय चाललाय. इथे या क्षेत्रांतले बरेच जण आहेत म्हणून विचारते.

धाकटा भाऊ, वय २३, बी.कॉम. माहेर भूम तालुक्यात (जि. धाराशिव), मी बार्शीला असते. दोन वर्षं पोलीस भरतीची तयारी केली. मैदानी निघाली, लेखीत चार गुणांनी राहिला. वडिलांना आता शेतातलं होत नाही. म्हणून त्यानंच ठरवलं, की बास, आता कमवायचं.

समोर तीन गोष्टी आहेत. बार्शीत पार्सल वाटायचं काम, स्वतःची गाडी, पार्सलमागे पैसे. दुसरं, गावातला एक मित्र भिवंडीला गोडाऊनमध्ये आहे, तो म्हणतो, 'ये, १८ हजार देतात, राहायची सोय आहे.' आणि तिसरं, पुण्यातल्या एका संस्थेचा क्लाउड कॉम्प्युटिंगचा कोर्स. चार महिने, फी ८५,०००, नोकरीची शंभर टक्के हमी. शुक्रवारपर्यंत १०,००० भरले तर जागा राखून ठेवतो म्हणतात. रोज दोन फोन येतात.

आईने पाटल्या रुमालात बांधून देवघरात ठेवल्यात, शुक्रवारी सराफाकडे जायला. मला रात्री झोप लागत नाहीये. काय करावं?

गाळा_नंबर_सात (सोमवार, रात्री १०:२५)

ताई, आधी पाटल्या परत कपाटात ठेवायला सांगा. बाकीचं नंतर बोलू.

मी मानकोलीजवळ एका गोडाऊनला आउटबाउंडला (बाहेर जाणाऱ्या मालावर) शिफ्ट इन्चार्ज आहे, या लाइनीत अकरा वर्षं झाली. भिवंडीचं कसं झालं ते आधी सांगतो. मुंबईत माल शिरला की जकात लागायची, म्हणून माल नाक्याच्या अलीकडे उतरवून ठेवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा. अशा रीतीनं यंत्रमागाच्या गावाशेजारी काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे इथे भातखाचरांवर गाळे उभे राहिले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली. तेव्हा चहाच्या टपरीवर सगळे म्हणायचे, आता भिवंडी बसली. झालं उलटंच. कराच्या हिशोबासाठी प्रत्येक राज्यात छोटं गोडाऊन ठेवायची गरज उरली नाही. कंपन्यांनी मोठीच्या मोठी गोडाऊन एका जागी घेतली आणि रांग पडघ्याच्या पुढे सरकली. न्हावाशेवा बंदर, मुंबई आणि नाशिकचा रस्ता, तिन्ही जवळ. त्यामुळे माणूस इथे बाराही महिने लागतो, दसरा-दिवाळीच्या आधी तर दुप्पट.

पण 'गोडाऊनची नोकरी' म्हणजे एक काम नाही. माल उतरवणं, रॅकवर लावणं, पिकिंग (ऑर्डरप्रमाणे माल काढणं), पॅकिंग, सॉर्टिंग, लोडिंग हा एक थर. त्याच्या वर इन्व्हेंटरी (साठ्याचा हिशोब), डिस्पॅच (माल रवाना करणं), रिटर्न्स (परत आलेला माल), एमआयएस (रोजचे अहवाल). बी.कॉम. झालेला मुलगा पहिल्या थरात शिरला तर हरकत नाही, पण सहा महिन्यांत दुसऱ्या थरात सरकला नाही तर तिथेच अडकतो. मी अशी पोरं पाहिलीत. सात वर्षं स्कॅनरची गन हातात, आणि आज कंबर गेलेली.

काम कसं असतं ते एका गाडीवरून सांगतो. पहाटे अडीचला लाइनहॉलची, म्हणजे लांबून माल आणणारी गाडी डॉकला (माल उतरवायच्या फलाटाला) लागते. दरवाजा लगेच उघडायचा नाही. सीलवरचा नंबर मोठ्यानं वाचायचा, कागदावरच्या नंबराशी जुळवायचा, फोटो काढायचा, मगच सील तोडायचं. एकदा घाईत मी आधी तोडलं. आत अकरा बॅगा कमी. माल कुठे गेला हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण फोटो नव्हता म्हणून खुलासा मला लिहावा लागला. या धंद्यात जो नोंद नीट ठेवतो तो वर जातो. ताकदीचा माणूस वर जातोच असं नाही.

मित्राला तीन गोष्टी विचारा. पेरोल कुणाचा, कंपनीचा की ठेकेदाराचा? १८ हजार हातात, की पीएफ, ईएसआय (कामगार विमा) कापायच्या आधीचे? आणि ते आठ तासांचे, की बारा तासांचे? 'राहायची सोय' म्हणजे बहुतेक वेळा एका खोलीत आठ जण आणि पगारातून कपात. विचारायला लाजू नका.

पंचगंगा_रायडर (सोमवार, रात्री ११:०२)

मी कोल्हापुरात चार वर्षं पार्सल वाटतोय. ताई, हिशोब सांगतो, तो भावाला दाखवा.

माझा परवाचा दिवस. सकाळी साडेसातला हबवर. ५८ पार्सल मिळाली. रूट लावायला पाऊण तास, म्हणजे पत्त्याच्या क्रमानं पिशवी भरायची, शेवटचं पार्सल तळाला. नवीन माणूस हेच करत नाही आणि मग प्रत्येक दारात पिशवी उपसतो. ५८ पैकी ४९ पोचली. माझा दर पार्सलमागे १४ रुपये, झाले ६८६. पेट्रोल १६० चं. राहिले ५२६. त्यातून ऑइल, टायर, ब्रेक लायनर, मोबाईलचं रिचार्ज. महिन्याला २६ दिवस धरा आणि ८०० ते १,००० गाडीसाठी बाजूला काढा.

न पोचलेल्या नऊचे पैसे शून्य. आमच्यात आरटीओ म्हणजे परिवहन कार्यालय नाही, माल परत पाठवणं. गिऱ्हाईक फोन उचलत नाही, 'उद्या या' म्हणतं, कॅश नाही म्हणतं. तुमचं पेट्रोल गेलं ते गेलं. आणि कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे रोज रात्री मोजून भरायचे. कमी पडले तर खिशातून. एका आधीच्या ठिकाणी माझ्या नावावर २,३०० ची तूट दाखवली. पावत्या जपल्या होत्या म्हणून सुटलो.

तरी मी म्हणेन, वाईट काम नाही. पैसा लगेच सुरू होतो, कुणाची शिफारस लागत नाही, संध्याकाळी घरी. बार्शी छोटं आहे, अंतर कमी, माणसं ओळखीची, तिथे परत जाणारा माल कमी असेल. फक्त हबचा माणूस 'महिना २५ हजार पडतात' म्हणाला तर विचारा, पेट्रोल वजा करून की आधी?

मांजराकाठ (मंगळवार, सकाळी ७:१५)

दोघांचेही मनापासून आभार. रात्रीच भावाला पाठवलं, त्यानं वहीत उतरवून घेतलं. क्लाउडबद्दल कुणी सांगेल का? संस्थेचा माणूस म्हणतो गोडाऊन-डिलिव्हरीत आयुष्य नाही, पुढची सगळी नोकरी क्लाउडमध्येच आहे.

ऐरोलीची_रात्रपाळी (मंगळवार, सकाळी ८:५०)

हा धागा वाचून राहवलं नाही. मी सॉर्टिंग हबवर रात्रपाळी केली आहे, आणि आज क्लाउड सपोर्टमध्ये आहे. म्हणून दोन्ही बाजू सांगू शकतो.

आधी हा शब्द जमिनीवर आणू. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतले कॉम्प्युटर, भाड्यानं. त्या इमारती ऐरोली, रबाळे, महापे, पवई, पनवेल इथे आहेत. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये भारतात आपली केंद्रं सुरू केली, त्यात पुणे आणि मुंबई होतं. अ‍ॅमेझॉननं जून २०१६ मध्ये मुंबई विभाग उघडला, गुगलनं २०१७ मध्ये. समुद्राखालच्या केबल मुंबईला किनाऱ्यावर येतात, म्हणून हे सगळं इथे. अशा इमारतीत वीज एक क्षण जाऊन चालत नाही. त्यामुळे आत जनरेटर, यूपीएस, चिलर सांभाळणारे आयटीआयचे इलेक्ट्रिशियन आणि रेफ्रिजरेशनवाले असतात. रॅकमध्ये सर्व्हर बसवणारे, केबल ओढणारे, बिघडलेली डिस्क बदलणारे टेक्निशियन असतात. त्यांना कुणी 'क्लाउड इंजिनिअर' म्हणत नाही, पण क्लाउड त्यांच्यावर उभा आहे. ओळखीत कुणी वायरमन असेल तर त्याला हे जरूर सांगा.

दुसरा भाग माझा, पडद्यासमोरचा. लिनक्स (विंडोजसारखीच, पण सर्व्हरवर जास्त चालणारी प्रणाली), नेटवर्किंग, मग एखादा क्लाउड. माझी सुरुवात अशी झाली: हबवर सिस्टीम बंद पडली की स्कॅन होत नसे, बेल्ट थांबायचा, दोनशे माणसं हात बांधून उभी. मी आयटीवाल्याच्या मागे उभा राहून बघायचो तो काय टाइप करतो. एकदा विचारलं, त्यानं सांगितलं. मग जुना लॅपटॉप ९,००० ला घेतला, त्यावर लिनक्स टाकलं, आणि रात्रपाळीहून आल्यावर रोज दोन तास बसलो. दीड वर्ष लागलं. चार महिन्यांत झालं असतं असं मी कुणालाही सांगणार नाही.

आता ८५,००० चं. अ‍ॅमेझॉनची पहिली परीक्षा, सर्टिफाइड क्लाउड प्रॅक्टिशनर: ६५ प्रश्न, ९० मिनिटं, १,००० पैकी ७०० ला पास, फी १०० डॉलर अधिक कर. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. अभ्यासाचं साहित्य कंपनी स्वतः फुकट देते, आपल्या आयआयटीवाल्यांचे अभ्यासक्रम स्वयम् आणि एनपीटीईएल या सरकारी संकेतस्थळांवर आहेत. पण नुसत्या त्या परीक्षेवर नोकरी लागत नाही, तेही स्पष्ट सांगतो. मुलाखतीत मला विचारलं होतं, 'साइट उघडत नाही, पहिल्यांदा काय बघशील?' प्रमाणपत्र कुणी हातातही घेतलं नाही.

सरावाबद्दल एक कळकळीची सूचना. फुकट खातं उघडताना कार्ड द्यावं लागतं. पहिल्या दिवशी बिलाचा अलर्ट लावा आणि काम झालं की मशीन बंद करा. मी एक मशीन महिनाभर चालू विसरलो, ४,१०० रुपये बिल आलं. चूक माझीच होती, पण तेव्हा माझ्या पगाराचा तो तिसरा हिस्सा होता.

'शंभर टक्के नोकरी'ची हमी लेखी मागा. कोणत्या कंपनीत, किती पगारावर, नाही लागली तर फी किती दिवसांत परत. लिहून देणार नाहीत.

शेजबाभूळ (मंगळवार, सकाळी ९:३०)

शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. माझ्या आतेभावाचे ६०,००० असेच गेले. नोकरी 'दिली', म्हणजे एका कॉल सेंटरला मुलाखतीला पाठवलं. करारात शब्द 'प्लेसमेंट सहाय्य' असा होता, वाचलाच नव्हता.

आणि हे सगळ्यांसाठी: गोडाऊन असो, विमानतळावरचं कार्गो असो, कुरिअर असो, जो नोकरी द्यायला गणवेशाचे, आयडी कार्डाचे, 'सिक्युरिटी डिपॉझिट'चे पैसे आधी यूपीआयवर मागतो, तो नोकरी देणारा नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करा. जितका लवकर, तितकी रक्कम मध्ये अडवली जाण्याची शक्यता जास्त.

टपालगाडी (मंगळवार, दुपारी १:१०)

पार्सलची सर्वांत जुनी नोकरी कुणीच सांगितली नाही म्हणून लिहितो. ग्रामीण डाक सेवक. मी सिंधुदुर्गात शाखा डाकपाल आहे. दहावीच्या गुणांवर यादी लागते, परीक्षा नाही, मुलाखत नाही. वय १८ ते ४०. दहावीला गणित आणि इंग्रजी हवं, मराठी शिकलेली हवी, सायकल यायला हवी. शाखा डाकपालाला १२,००० पासून, सहायक आणि डाकसेवकाला १०,००० पासून, वर महागाई भत्ता. काम चार-पाच तासांचं. अर्ज फक्त टपाल खात्याच्या संकेतस्थळावर, कुणा एजंटाकडे नाही. यादी खूप वर लागते, नव्वदच्या खाली असेल तर आशेवर बसू नका, पण अर्ज जरूर टाका.

पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली ती श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्यामुळे, संस्कृतचे पंडित आणि टपाल खात्यातले अधिकारी. आज एवढी अ‍ॅप आहेत, पण सॉर्टिंगच्या बेल्टवर पार्सल डावीकडे वळायचं की उजवीकडे, ते अजूनही त्याच सहा आकड्यांवर ठरतं. मला याचा फार अभिमान वाटतो.

बुटीबोरीची_लेक (मंगळवार, दुपारी ३:४५)

मुलींसाठीही लिहिते, कारण धागा पुढे बऱ्याच जणी वाचतील. मी नागपूरकडे एका सॉर्ट सेंटरला इन्व्हेंटरीत आहे. समृद्धी सुरू झाल्यापासून इकडे गोडाऊनची कामं वाढलेली आम्ही डोळ्यांनी पाहतोय. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात बाईला तिच्या संमतीशिवाय कामाला लावता येत नाही, आणि लावलं तर सुरक्षेची आणि घरी सोडायची सोय मालकाची. मुलाखतीतच विचारा, गाडी दारापर्यंत सोडते की चौकात? माझ्या बॅचच्या दोघी याच कारणानं सोडून गेल्या.

माथाडीचा_मुलगा (मंगळवार, रात्री ८:२०)

माझे वडील मशीद बंदरला पाठीवर गोणी वाहायचे. १९६९ चा माथाडी कायदा आला आणि अण्णासाहेब पाटलांच्या मागे उभं राहून या माणसांनी पीएफ, ग्रॅच्युइटी, दवाखाना मिळवला. मी त्या दवाखान्याच्या औषधावर वाढलोय. म्हणून आज पार्सलवाल्या पोरांना 'पार्टनर' म्हणून कुठलीच सुरक्षा न देता राबवतात तेव्हा पोटात तुटतं.

थोडं तरी हललंय. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात गिग कामगार (पगारावर नाही, कामागे पैसे मिळणारे, जसे रायडर) ७७ लाख धरले होते, २०२९-३० पर्यंत २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. त्यात गिग कामगार ही व्याख्या आली आणि कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत भरायची तरतूद आली. रायडर असाल तर केंद्र सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करून ठेवा. नोंदच नसेल तर उद्या पैसा आला तरी तुमच्यापर्यंत पोचायचा नाही.

पगारी नोकरी असेल तर नेमणूकपत्र मागा, तो हक्क आहे. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय लागते. तुमचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५. ठेकेदार 'हातात जास्त देतो, पीएफ नको' म्हणाला तर ऐकू नका. माझ्या मित्राचा हात फोर्कलिफ्टखाली आला तेव्हा ईएसआयचं कार्ड होतं, म्हणून त्याचं घर वाचलं.

खवाभट्टी (बुधवार, रात्री ९:०५)

नमस्कार, मीच तो भाऊ. ताईनं नवीन खातं उघडून दिलं. सगळं दोनदा वाचलं.

मला खरं सांगायचं तर भीती वाटत होती की आपल्याला काहीच येत नाही. दोन वर्षं फक्त पळालो आणि जीके पाठ केलं. गावात चुलत्यांची खव्याची भट्टी आहे. संध्याकाळी तिथे मदत करतो, म्हणजे वजन करून पाट्या भरायच्या, कुठली पाटी पुण्याची, कुठली हैदराबादची ते खडूनं लिहायचं, रात्रीच्या ट्रॅव्हल्सला चढवायच्या, ड्रायव्हरची सही घ्यायची. एक्सेलमध्ये कोणाकडून पाट्या परत यायच्या राहिल्या ते मांडतो. उन्हाळ्यात गाडीला उशीर झाला तर खवा उतरतो, म्हणून गाडी कुठे आहे ते दर तासाला विचारतो. याला अनुभव म्हणता येईल का?

गाळा_नंबर_सात (बुधवार, रात्री ९:३१)

भावा, म्हणता येईल का काय विचारतोस! तू सांगितलंस ते सगळं डिस्पॅचच आहे. खडूनं नाव लिहिणं म्हणजे सॉर्टिंग, ड्रायव्हरची सही म्हणजे पोच, परत यायच्या पाट्या म्हणजे रिटर्न्स, दर तासाचा फोन म्हणजे ट्रॅकिंग. आणि नाशवंत माल सांभाळलेला माणूस आम्हाला शोधून मिळत नाही, त्याला वेळेची किंमत वेगळी शिकवावी लागत नाही. बायोडाटात असंच लिही. किती पाट्या, आठवड्याला किती गाड्या, किती वर्षं. 'मेहनती व प्रामाणिक' वगैरे लिहू नकोस, पाट्यांचा आकडा लिही.

दोन गोष्टी या आठवड्यात शीक. एक्सेलमध्ये याद्या जुळवायला व्ही-लुकअप आणि बेरजा मांडायला पिव्होट. आणि ई-वे बिल, म्हणजे गाडीतल्या मालासोबतचा जीएसटीचा ऑनलाइन कागद: ५०,००० च्या वरच्या मालाला लागतं, राज्यातल्या राज्यात आपल्याकडे एक लाखाच्या वर, २०० किलोमीटरला एक दिवस मुदत. रस्त्यात गाडी बिघडली तर मुदत कशी वाढवायची, हे मी प्रत्येकाला मुलाखतीत विचारतो.

ऐरोलीची_रात्रपाळी (बुधवार, रात्री १०:१४)

आणि ज्या सॉफ्टवेअरवर तू तिथे काम करशील ते बहुधा कुठल्यातरी क्लाउडवरच चालत असेल. वर्षभर ते वापर, कुठे अडतं ते लिहून ठेव. नंतर तुला क्लाउड शिकावासा वाटला तर मला इथेच निरोप टाक. रविवारी सकाळी तासभर मी बसेन तुझ्यासोबत, पैशाचा प्रश्न नाही. मला कुणीतरी असंच शिकवलं होतं.

चाकणचौक (गुरुवार, सकाळी ८:४०)

एकच भर. चाकण-तळेगावला वाहनांच्या सुट्या भागांची गोडाऊन आहेत, तिथे पदवीधरांना अप्रेंटिस म्हणून घेतात. १९६१ च्या कायद्याखाली नोंद असते, वर्षभराचं प्रमाणपत्र मिळतं. भिवंडीपेक्षा तुला जवळही पडेल. स्टायपेंड कमी असतो आणि त्यावर पीएफ नसतो, हे माहीत असू दे. पण काही जण वर्षानुवर्षं 'अप्रेंटिस' म्हणून राबवतात, त्यामुळे सरकारी पोर्टलवर आपला करार नोंदला आहे का ते पहिल्या महिन्यातच बघ.

मांजराकाठ (तीन आठवड्यांनी, रविवार, सायंकाळी ६:२०)

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं. संस्थेला फी परतीची अट लेखी मागितली, त्या दिवसापासून फोन बंद झाले. टपालाचा अर्ज भरती निघाली की टाकणार आहे, पण त्याला दहावीला ८१ टक्के होते, त्यामुळे त्यावर अवलंबून नाही.

तळेगावला मुलाखत झाली, डिस्पॅचला अप्रेंटिस म्हणून घेतलं. साहेबांनी विचारलं, 'गाडी भरली आणि दोन पाट्या कमी निघाल्या तर काय कराल?' हा म्हणाला, 'सही करणार नाही. आधी पुन्हा मोजणार, मग कमी आकडा लिहूनच सही घेणार.' पोर्टलवर करार दिसतोय, मी स्वतः पाहिला. खोलीत चौघे आहेत, भाडं त्यानं आधी विचारून घेतलं होतं.

काल रात्री फोनवर म्हणाला, ताई, इथेही सीलचा फोटो काढतात.

आईच्या पाटल्या तिच्या हातात आहेत. गौरीला घालीन म्हणाली होती, पण आत्ताच घातल्या.